सतरंजीवरचा सौदा

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्या फ्लॅटएवढा महाग एकच. सामरवरणीचा तो फ्लॅट बघायला निघाले तेव्हा शेजारच्या इंदूवहिनी म्हणाल्या, "थांबा बाई, मी पण येते. सतरंजी घेते फक्त." आणि मी म्हणाले, "नको." का? तर मी शाळेतली शिक्षिका, कडक इस्त्रीची साडी नेसलेली, समोर सफारीतला बिल्डर, आणि त्याच्या पुढ्यात ही बाई घोरणार! त्या वयात मला कशाचीही लाज वाटायची, फक्त अक्कल नसल्याची सोडून.

सतरंजीचं आधी सांगायला हवं. इंदूवहिनी नंदुरबारकडच्या. नवरा धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर. वहिनींनी आमलीत कामगारांसाठी खोल्या बांधल्या, भाड्याने दिल्या, त्यातून आणखी खोल्या, मग फ्लॅट. पण कुठलंही घर घेण्याआधी त्या तिथे दुपारची झोप काढायच्या. चांगली घोरून. "भिंतीला रंग लावता येतो," त्या म्हणायच्या, "झोपेला कोण रंग लावून दाखवतो ते पाहू."

दादऱ्याजवळच्या एका इमारतीत तर विकणारा पोरगा "मॅडम, ये मास्टर बेडरूम" म्हणेपर्यंत ह्या आडव्या. उठल्यावर जांभई देत म्हणाल्या, "वरचा माणूस आंघोळ करून राहिला अन् भिजून मी राहिले. पाइप उशाशी आहे. नको." चुकायच्याही. एकदा भर थंडीत उंधियू चापून एका घरात इतक्या गाढ झोपल्या की उठून लगेच बयाणा दिला. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी. "चूक झोपेची नाही, उंधियूची," म्हणाल्या आणि मोकळ्या झाल्या.

तर मी एकटीच गेले, रविवारी संध्याकाळी. बाल्कनीतून सूर्य मावळताना दिसला आणि मी विरघळले. सूर्यास्ताचं भाडं कोणी देत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगायचं? ह्यांची नोकरी खाजगी, माझी शाळाही तशीच, पेन्शन कोणालाच नाही. म्हातारपणी आमची चूल त्या भाड्यावर पेटायची होती. होतं नव्हतं ते ओतलं. ताबा मिळाल्यावर सोमवारी पडदे लावायला गेले, तर मागच्या भिंतीपलीकडून धडधड, धडधड. पलीकडे धाग्याचा कारखाना, आणि त्याला रविवारी सुट्टी असायची. पडद्याच्या कड्यासुद्धा नाचत होत्या.

त्यात मला हवं होतं 'सुसंस्कृत कुटुंब'. भाड्याने घर मागायला येणाऱ्यांच्या मी मुलाखती घ्यायचे. भिंतीला खिळे ठोकणार का? मासे तळणार का? मी स्वतः रत्नागिरीची, बांगड्यावर पोसलेली! उत्तरं पसंत पडली तरी धडधड ऐकून मंडळी जिन्यातूनच परत जायची. फ्लॅट रिकामा तो रिकामाच. मी मात्र दर रविवारी जाऊन त्याच्या खिडक्या पुसायचे. "भाड्याचं घर आहे बाई, दाखवायची मुलगी नाही," वहिनी म्हणायच्या. "नटवून काय बसवता?"

असं वर्ष गेलं. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले. "तुम्हीच घ्या तो फ्लॅट. द्याल ते द्या," म्हणाले. वहिनींच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. माझ्याकडे बघत बसल्या. मग सतरंजी काखेत मारून म्हणाल्या, "चला."

तिथे त्या आडव्या झाल्या आणि अशा घोरल्या की मशीनचा आवाज कुठला आणि वहिनींचा कुठला ते कळेना. उठल्या, सतरंजी गुंडाळली. "मी नाही घेत. तुमचंच राहू द्या. भाडूत मी आणते."

आणले ते रात्रपाळी करणारे धुळ्याकडचे तिघे भाऊ. मी नाक मुरडलं. "अहो, ह्यांना दिवसा झोपायचं, आणि ह्या आवाजात?"

"माय, धाग्यावर काम करतात ते! मशीन बंद पडलं की त्यांना जाग येते."

आठवड्याने थोरला रस्त्यात भेटला. "काकू, गावाला गेलं की नुसती कूस बदलत राहतो. तुमच्याकडे पडलो की संपलं."

ते भाऊ लग्न होईपर्यंत राहिले, मग त्यांचे चुलतभाऊ आले, मग गाववाले. खिळे इतके ठोकले की भिंत पुरली नाही. हे घरी बसल्यावर आमचं त्याच भाड्यावर निभलं, आजही निभतं. मी सवयीने खिडक्या पुसायला निघाले की वहिनी दारातच अडवायच्या. "भाडं घेतलं ना? मग घर त्यांचं, तुम्ही पाहुण्या. नळ गळला तर त्यांनी सांगायच्या आत माणूस पाठवा, पण बोलावल्याशिवाय पाय टाकू नका."

वहिनी गेल्या त्याला आता वर्ष होईल. शेवटी मुलाच्या नव्या टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर होत्या. काचा लावल्या की तिथे चिटपाखरूही ऐकू येत नाही. "झोप लागत नाही बाई," म्हणाल्या. "पोरानं न झोपता घर घेतलं."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्हाला बरोबर न्यायला हवं होतं. लाज वाटली हो मला तुमची. तुम्ही असतात तर मी त्या फ्लॅटच्या फंदात पडलेच नसते."

त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. पाणी पाजलं. मग दाराकडे बघून, सून ऐकत नाही ना याची खात्री करून, हळूच म्हणाल्या,

"मी आदल्या आठवड्यातच तिथं झोपून आले होते. मशीन ऐकलं, भाडूतसुद्धा मनात ठरवले. तुमच्यासोबत येऊन, उठून 'घर भिकार आहे' म्हणणार होते, अन् मग मीच घेणार होते. तुम्हाला माझी लाज वाटली म्हणून वाचल्या. अन् नंतर तुम्ही आपणहून द्यायला आल्या, तर तुमचं ते रडकं तोंड! त्या दिवशी तिथं मी झोपले नव्हते बाई, नुसती घोरून राहिले होते."