गॅलरीतला सायलेन्सर
गॅलरीतला सायलेन्सर उन्हाने तापला की गुंडाळलेल्या चादरीतूनही जळक्या तेलाचा वास येतो. मुलाच्या जुन्या जपानी गाडीचा तो, भयंकर आवाजाचा. दरवर्षी पासिंगच्या, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीच्या, आदल्या दिवशी दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या पार्किंगमध्ये त्याचे मित्र जमायचे, हा काढून मूळचा शांत सायलेन्सर बसवायचे आणि गाडी पास झाली की पुन्हा हाच चढायचा. एका वर्षी मात्र कोणीच आलं नाही. सगळ्यांनी आपापल्या गाड्या विकल्या होत्या. उकाड्यात बराच वेळ वाट बघून मुलगा वर आला. "बाबा, जस्ट होल्ड इट फॉर मी." त्याने कधी नव्हे ते मला बोलावलं होतं. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली मी शांत सायलेन्सर धरला, तो बोल्ट कसत होता, दोघांचा घाम एकाच पुठ्ठ्यावर ठिबकत होता. काम झाल्यावर मी म्हणालो, "खलास, झालं. आता हा शांतवालाच राहू दे." तो "ओके" म्हणाला. पुढच्याच महिन्यात त्याने गाडी विकली, आवाजाचा सायलेन्सर गॅलरीतच राहिला. आता त्याची इलेक्ट्रिक गाडी कधी येते, कधी जाते, कळतही नाही. परवा गॅलरीत बघून तो म्हणाला, "थ्रो इट, बाबा." मी सायलेन्सरभोवती चादर पुन्हा नीट गुंडाळून ठेवली.