तांबडं दिसतं म्हणजे कसं दिसतं

गंगू कट्टा गावच्या बाजारात यायची ती आधी आवाजाने. मालवणची एसटी धापा टाकत थांबायची, टपावरून माशांची पाटी खाली उतरायची, आणि गंगू अजून गाडीच्या पायरीवर असतानाच तिचा दिवसाचा पहिला प्रश्न बाजारभर पोचलेला असायचा. कसलेला नट विंगेतूनच वाक्य टाकत येतो, तसा.

"मासो जल्मभर खाऱ्या पाण्यात रवता. मगे तेच्या कढीत मीठ कित्याक घालूचा लागता?"

एकोणीसशे साठच्या अलीकडची-पलीकडची ती वर्षं. बाजारात दुकानं दहा-बारा, पण प्रश्न ऐकून थांबणारी माणसं चिक्कार. वाणी तराजू हातात तसाच धरून विचार करायचा. शाळेचे मास्तर छत्री टेकून उभे राहायचे. कुणाचंच उत्तर पटलं नाही की गंगू पाटी डोक्यावर घेऊन रविकांत डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढायची. डॉक्टर मालवणीत बोलायचे नाहीत, पण हसायचे मनापासून.

"मासा खारं पाणी पितो, गंगूबाई, पण जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकून देतो. अंगात साठू देत नाही."

"म्हंजे तो आमच्यापरास हुशार," असं म्हणून गंगू एक बांगडा काढून कंपाउंडरच्या हातात द्यायची. पटलेल्या उत्तराला एक बांगडा, हा तिचा रिवाज होता. न पटलेल्या उत्तराला "बगतंय विचार करून." आणि एकदा, एकाला जांभई आली की शेजारच्याला का येते, असं तिने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मला ठाऊक नाही. पुस्तकातही धड सांगितलेलं नाही." त्या दिवशी गंगूने दोन बांगडे ठेवले. म्हणाली, "ठावक नाय म्हणणारो डाक्टर पयल्यांदाच बघलंय."

गंगूचा नवरा हिवतापाने गेला, तेव्हा थोरला सत्यवान अकरा वर्षांचा आणि सुगंधा पाच. पाटीच्या जोरावर तिने दोघांना वाढवलं. सत्यवान बावीस वर्षांचा झाला तेव्हा मुंबईच्या मामाने शब्द टाकून त्याच्यासाठी आगबोटीवर खलाशाचं काम बघितलं. पोरगा नवी चड्डी-सदरा घालून गेला आणि आठव्या दिवशी परत आला.

"काय झालां रे?"

"काळोखाच्या खोलीत बसवल्यानी. बारके बारके दिवे दाखवल्यानी. खंयचो तांबडो, खंयचो हिरवो, ता सांगूचा होता."

"मगे?"

"दिवे दिसले. रंग नाय दिसले."

शेजारची राधाबाई गंगूची चुलतजाऊ. तिने निकाल लगेच देऊन टाकला. "झीलाक तुझ्या काम नको, गंगू. लहानपणापासून बघतंय मी. लिलावात धाडलां तर शिळी मासळी हाडता. कल्लो तांबडो आसा काय काळो पडलो, इतक्या कळणा नाय?"

दुसरी एखादी आई भांडली असती, नाहीतर देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आली असती. गंगूने काय केलं, तर परसातल्या झाडाचे रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढले, अर्धे पिकलेले लालबुंद, अर्धे हिरवे, आणि पडवीत सुपभर ओतले. सत्यवानाला समोर बसवला.

"पिकलले येगळे कर."

त्याने भराभर वेगळे केले. एक चुकला नाही. राधाबाई म्हणाली, "बग, सोंग करता तो."

गंगू मात्र त्याच्या हातांकडे बघत होती. प्रत्येक रतांबा तो दोन बोटांत घेऊन हलकेच दाबत होता. तिने सगळे पुन्हा मिसळले. "आता हात मागे धर. नुसत्या डोळ्यान सांग."

सत्यवान सुपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हात लावल्याशिवाय कसां सांगतलंय? सगळे एकसारखेच आसत. तुमका दिसतत येगळे?"

बावीस वर्षं पोराला वाटत होतं, सगळं जग रतांबे दाबूनच ओळखतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्याला एसटीतून उतरताना गंगू गप्प होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हा रोग नाही, गंगूबाई. डोळ्यात रंग ओळखायची जी सोय असते, ती काहींच्या डोळ्यात जन्मतःच अपुरी असते. औषध नाही त्याला. पण वाढतही नाही. पोरगा आळशी नाही आणि खोटाही नाही."

"येता खंयसून ह्या?"

"आईकडून."

"माका तर दिसता तांबडां."

"तुम्हाला दिसतं. तुम्ही फक्त ती उणीव मुलापर्यंत पोचवता. तुमच्या वडिलांना असेल."

गंगू बाकावर बसली. तिला बाबा दिसला, मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात उकिडवा बसलेला. बाकीचे कल्ले उघडून बघायचे. बाबा माशाच्या पाठीवर अंगठा दाबायचा, नाकाजवळ धरायचा, डोळा बघायचा, आणि ताजी मासळी बरोबर उचलायचा. लोक कौतुकाने म्हणायचे, बाबाक कल्लो बघूची गरज लागणा नाय. कुणाला माहीत होतं, त्याला तो दिसतच नव्हता. बहुतेक त्यालाही माहीत नव्हतं.

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. मग एकाएकी ती सावध झाली.

"आणि माझा चेडू? सुगंधा?"

"तिला रंग नीट दिसतात ना? मग तिच्यात ते लपलेलं असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य. तपासायला मार्ग नाही. असलं, तर पुढे तिच्या एखाद्या मुलात उतरू शकेल."

उत्तर पटलं होतं. तरी त्या दिवशी गंगू बांगडा द्यायची विसरली. पंधरा दिवसांनी कुणकेश्वरहून विठोबा तांडेल आपल्या मुलासाठी, शिवासाठी, सुगंधाला बघायला येणार होता. तांडेल म्हणजे मचव्याचा, मासेमारीच्या मोठ्या होडीचा, प्रमुख. त्याची नातवंडंही उद्या समुद्रावरच जाणार, आणि समुद्रावर रात्री समोरच्या जहाजाचा तांबडा दिवा कुठला, हिरवा कुठला, यावर मचवा कुठे वळवायचा ते ठरतं. हे गंगूला कुणी सांगायला नको होतं.

राधाबाई म्हणाली, "चेडवाच्या कपाळावर लिवलला आसा काय ता? गप रव. लगीन होवंदे."

"जल्मभर लोकांका इचारीत फिरलंय. उत्तर लपवणाऱ्याचो माका राग येता. आता माझ्याकडे उत्तर आसा तर मीच लपवू?"

"तुझ्या प्रश्नांपायी चेडू घरात रवतला."

ते शब्द गंगूच्या वर्मी लागले. चार दिवस तिने बाजारात प्रश्न विचारला नाही. वाण्याला वाटलं, आजारी आहे. पाचव्या दिवशी तिने सत्यवानाला विचारलं, "पावण्यांच्या म्होरां तुझां नाव घेवू?"

"घे. लपवून माका रंग दिसाक लागतले काय?"

पाहुणे आले. विठोबा रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याची बायको पद्मावती बारकी, तिचे डोळे घरभर फिरत होते. शिवा दारातल्या खांबाला टेकून उभा. सुगंधा पाणी देऊन आत गेली. मुलगी पसंत पडली हे पद्मावतीच्या तोंडावर दिसलं. तिने पदराखालून साखरेची पुडी काढली.

"वाईच थांबा," गंगू म्हणाली. "साखर वाटूच्या आदी एक आयका."

आणि तिने सगळं सांगितलं. आगबोट, दिवे, रतांबे, बाबाचा अंगठा, डॉक्टरांचं म्हणणं. तिचा बाजारात घुमणारा आवाज त्या दिवशी जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोचत होता. आतून बांगड्यांची किणकिण होत होती, तीही थांबली.

राधाबाईने डोळे मिटून घेतले. पद्मावतीची पुडी मुठीतच राहिली. तिने एकदा सत्यवानाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे वळली नाही, गंगूकडेच बघून बोलू लागली.

"लग्न होवन इलंय तेवा तीन म्हयने मी ह्यांच्या डाव्या अंगाक बसान बोलायचंय. काय इचारलां तरी उत्तर नाय. माका वाटलां, घोवाक मी आवडाक नाय. रडान रडान डोळे सुजले. मगे एक दिस सासू म्हणाली, उजव्या बाजून बोल गो, डावो कान लहानपणीच गेलो तेचो. तीन म्हयने. एक शब्द आदी सांगलो असतो तर."

"काय म्हणता ती?" विठोबाने उजवा कान पुढे केला.

"तुमचा कवतिक करतंय," पद्मावती म्हणाली. शिवा खांबामागे तोंड वळवून हसला. मग ती गंगूला म्हणाली, "आदी सांगणारा घर माका व्हया. नातवाक दिवे दिसले नाय तर रापणीचा जाळा ओढतलो. किनाऱ्यावर दिवे लागणत नाय."

विठोबाला दुसऱ्यांदा, उजव्या बाजूने, सगळं सांगावं लागलं. त्याने मिशीवरून हात फिरवला, मान हलवली. तांडेलाची मान हलली म्हणजे ठरलं.

गंगू पानं घ्यायला सांगायला उठली. तेवढ्यात पद्मावतीच पुढे सरकली. "पण माका एक सांग रे, सत्यवाना. तुका तांबडां दिसणा नाय, मगे तां तुका दिसता तरी कसां?"

"ता माका कसां सांगूक येतला? तुमका कसां दिसता, ता तुमी आदी सांगा."

"रगतासारख्या," विठोबा म्हणाला.

"रगत माका काळसर दिसता."

"मिरचेसारख्या," राधाबाईने डोळे उघडून सांगितलं.

"तिखट?" सत्यवानाने विचारलं.

सगळी हसली. पण मग पद्मावतीने प्रयत्न केला, शिवाने केला, गंगूने दोनदा केला, आणि प्रत्येकजण कुठल्यातरी तांबड्या वस्तूचंच नाव घेऊन थांबत होता. नुसतं तांबडं कसं असतं, हे त्या पडवीत कुणालाच सांगता येईना. आत वाढलेला भात निवत चालला होता. शेवटी सुगंधाच दाराशी आली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "दुपारच्या उनात डोळे मिटून सूर्याकडे तोंड केला की दिसता, तसां."

सगळ्यांच्या आधी विठोबा तांडेल उठला, अंगणात गेला आणि डोळे मिटून उभा राहिला.