अमीनभाईंचा सोडा आणि समुद्राचं पाणी

अमळनेरच्या बाजारात अमीनभाईंचं गोळी सोड्याचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. अंगठ्यानं काचेची गोळी आत दाबली की बाटली अशी किंचाळायची की रस्त्यावरच्या गाडीचा बैल कान टवकारायचा. अमीनभाईंची बायको लवकर गेली. हमीदा नावाची एकच मुलगी. तिला अमीनभाईंनी सोड्याच्या खोक्यावर बसवून पाढे शिकवले होते आणि आता ती कॉलेजात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती.

ब्याण्णव सालचा उन्हाळा असावा. तिच्या लीलाधर सरांनी तिला प्रयोग दिला. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगतात. कारखान्यांतून आणि मोटारींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्र पितो, त्यानं पाणी हळूहळू आंबट होत जातं. अशा पाण्यात त्या वनस्पतींचं काय होतं, ते पाहायचं. त्यांच्या दोन जाती सरांनी किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतून आणल्या होत्या.

"वायू कुठून आणशील?" सरांनी विचारलं.

"घरीच आहे, सर."

अमीनभाईंना भारी गंमत वाटली. "म्हणजे मी बाटलीत भरतो, तोच?"

"तोच, अब्बा. सोडा जिभेला चुरचुरतो ना, तो त्याच्यामुळेच."

पाणी मात्र समुद्राचं हवं होतं. अमीनभाई दुकान बंद ठेवून सुरत पॅसेंजरमध्ये बसले आणि डुमसच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटी लागलेली, सगळीकडे चिखल. लुंगी वर खोचून ते पार आत गेले आणि कॅन भरून आणले. अमळनेरच्या स्टेशनातून कॅन वाहताना ओळखीचे लोटनआबा भेटले, इथे पाणी नाही का, म्हणून अहिराणीत विचारू लागले.

"अमीनभाऊ, आठे पानी नही शे का?"

"शे ना, आबा. पण पोरीले खारं पाहिजे."

पाणी गाळून बाटल्यांत भरलं, त्यात वनस्पती सोडल्या. दुकानातल्या वायूच्या सिलिंडरपासून बाटल्यांना नळी जोडायचं काम अमीनभाईंनी स्वतःकडे घेतलं. जन्मभर सवय असलेल्या हातानं त्यांनी सिलिंडरचा कॉक उघडला आणि पाणी फसफसून वर आलं. त्यांना वाटलं, झकास झालं. पण दोनच दिवसांत सगळी हिरवट झाक खाली बसली. सगळं मेलं होतं.

अमीनभाई त्या दिवशी जेवले नाहीत. हमीदानं ताट पुढे सरकवलं, ते त्यांनी परत तिच्याकडे सारलं.

"माझ्या हातून मेल्या गं त्या."

"अब्बा, समुद्रात इतका वायू एकदम जात नाही. थोडा थोडा जातो, वर्षानुवर्षं."

"मग मला आधी सांगायचंस."

ती हसली, मग तेही हसले. सरांकडे उरलेल्या वनस्पतींवर प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी दर थोड्या वेळानं एखादा बुडबुडा, एवढाच वायू. हमीदा लिटमससारखा कागद बुडवून रंग पाहायची आणि अमीनभाई श्वास रोखून बसायचे.

शेवटी सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. एका जातीचं कवच काचेसारखं होतं. ती जात मजेत होती, उलट थोडी वाढलीच होती. दुसरीच्या अंगावर खडूच्या गोल चकत्या असतात. त्या चकत्या पातळ पडल्या होत्या, काही अर्धवट, कडा झिजलेल्या.

"आपण जो श्वास घेतो ना, भाऊ," लीलाधर सर म्हणाले, "त्यातला जवळपास निम्मा प्राणवायू समुद्रातल्या अशा वनस्पतींनीच तयार केलेला असतो."

अमीनभाईंनी डोळा काढलाच नाही. "आणि आपण त्यांना आंबट पाणी पाजतो," एवढंच बोलले.

हमीदा पास झाली आणि धुळ्याला देवपुरात शिकवायला लागली. बाजारात रंगीत शीतपेयांचे क्रेट आले, फ्रिज आले, गोळीच्या बाटल्या धूळ खात पडल्या. पंच्याण्णवच्या आसपास अमीनभाईंनी सोड्याचं मशीन भंगारात दिलं आणि मुलीकडे राहायला गेले. संध्याकाळी ते पांझरा नदीच्या काठी जाऊन बसत. शेजारी बसणाऱ्या गिरधर नानांना डुमसचा चिखल, गाडीतले कॅन, मेलेली पहिली बाटली, सारं पुन्हा पुन्हा सांगत. नानांना ते तोंडपाठ झालं होतं, तरी ते दर वेळी विचारत, "मग काय झालं, अमीनभाऊ?"