शेवंताच्या भिंती आणि धोंडबाचा पंप

धोंडबा फवारणीचा पंप घेऊन मजुरांच्या कॅम्पातल्या वस्तीत शिरला की आधी कोंबड्या पळायच्या आणि मागोमाग बाया दारं लावून घ्यायच्या. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. बंद दारासमोर उभं राहून तो मोठ्यानं म्हणायचा, "मावशी, भांडे बाहेर काढजो, पाणी झाकजो, मी काही पाहुणचार मागत नाई!" आतून कोणीतरी हसायचं. हसलं की दार उघडायचंच, असा त्याचा अनुभव होता.

तो मूळचा भंडाऱ्याकडचा. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहतोय, माणसं पाहिजेत, असं ऐकून गावातल्या पोरांबरोबर तो पायाचे खड्डे खणायला आला होता. अंगानं रेड्यासारखा दणकट, मिशा झुपकेदार. पण पहिल्याच पावसाळ्यात त्याला असं हिव भरलं, की भर दुपारी गोणपाटं पांघरून तो दात वाजवत पडला आणि त्याच्यासोबत खाटही थरथरू लागली. सोबती म्हणाले, "हा तर मशीन होऊन राहिला!" दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी तो उठला. पुढे हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत फवारणीला माणसं घेऊ लागले, तेव्हा धोंडबानं कुदळ खाली ठेवली. डासांशी त्याचं जुनं भांडण होतंच.

त्याचा जोडीदार केवलराम, इथलाच छत्तीसगढी माणूस. केवलराम बादलीतला पंप दाबायचा आणि धोंडबा लांब नळी धरून घरातल्या भिंतींवर पांढरं औषध मारायचा. डास माणसाला चावला की अंग जड होऊन भिंतीवर बसतो आणि तिथंच मरतो, हे तो घरोघर सांगायचा. लोक सांगायचे, "औषधानं ढेकूण वाढले." तो म्हणायचा, "ढेकणाले हिव भरत नाई ना, म्हणून माजले."

पण रेल्वे रुळाच्या बाजूच्या ओळीत एक दार हसण्यानं उघडेना. तिथं गिरजाबाई आणि तिची लेक शेवंता राहायच्या. शेवंताचा बाप बांधकामावर मुकादम होता. तो वारल्यावर शेवंता घमेलं उचलायला लागली होती. दिवसभर रेती-गिट्टी वाहून ती घरी यायची आणि तट्ट्याच्या भिंती शेणामातीनं अशा लिपायची की त्यांवरून हात फिरवावासा वाटे. वर छुई मातीच्या पांढऱ्या रेषांनी मोर, बैलजोडी, कारखान्याचं धुराडंसुद्धा. मधोमध बाबासाहेबांचा फोटो.

धोंडबा आला तेव्हा ती हातात ओलं पोतेरं घेऊन दारात उभी होती.

"कालच लिपलं मी. तू त्यावर चुना थुकणार काय?"

"चुना नोहोय, बाई, औषध हाये."

"माह्या मोरावर औषध? त्याले काय ताप आला?"

केवलराम मागून कुरकुरला, "चल ना धोंडू, दवई बइठ जाही!" औषध बादलीच्या तळाशी बसायला लागलं होतं. तेवढ्यात आतून गिरजाबाईचा कण्हण्याचा आवाज आला. धोंडबानं डोकावून पाहिलं. वाकळ पांघरलेली म्हातारी खाटेवर थरथरत होती. ती थरथर त्याच्या ओळखीची होती.

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "एक दिवसाआड येते काय ताप?" त्यानं विचारलं. शेवंतानं पोतेरं खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "फोटो मी धरतो. मोर जाऊ दे."

ती अंगणात फोटो छातीशी धरून उभी राहिली. धोंडबानं मोर वाचवायचा बराच प्रयत्न केला, पण औषधाला मोर कळत नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आता यावर पोतेरं फिरवू नका. थंडी पडू द्या." मोहिमेच्या माणसानं गिरजाबाईच्या बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. आठवड्यात म्हातारी उठून चुलीपुढे बसली.

पण दसरा तोंडावर आला. दीक्षेला जाऊन आलेल्या घरांत त्या दिवसाचं महत्त्व वेगळं, शेजारच्या घरांत दिवाळीची तयारी. सगळ्याच बायांनी भिंती लिपायला काढल्या. शेवंतानंही लिपल्या, आणि औषध लिपणाखाली गेलं. डागाडागाच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो तिला पाहवेना. पंधरवड्यात गिरजाबाई पुन्हा थरथरू लागली, शेजारची जयाही, तिच्यापुढचा सुखरामही.

धोंडबा पाहायला आला तेव्हा शेवंतानं आधीच तोंड पाडलं होतं. "बोल ना," ती म्हणाली, "बोलायलेच आला ना तू?"

त्यानं नव्या मोराकडे पाहिलं. "हा पहिल्यापेक्षा चांगला जमला," तो म्हणाला. आणि गिरजाबाईला गोळ्या देऊन गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर शेवंतानं परतवल्या असत्या. याचं काय करावं, तिला कळेना.

पुढच्या पावसाळ्यात, उघाड पडल्याबरोबर, ती स्वतःच त्याला रस्त्यात अडवायला आली. "ओ पंपवाले! आमच्या ओळीत कवा येता?"

"येत्या सोमवारी. कावून?"

"मंग रविवारपर्यंत साऱ्यायचं लिपून होते. मी पाहतो."

आणि तिनं खरंच पाहिलं. कामावरून आली की ती घरोघर फिरू लागली. बाया कातावल्या. "आताच लिपलं तर दसऱ्याले काय करू?" जया म्हणाली. शेवंताचं उत्तर तयार होतं: आतल्या भिंती आत्ता लिपायच्या, त्यावर औषध बसलं की हात लावायचा नाही, दसऱ्याला बाहेरच्या भिंती सजवायच्या, आणि चित्रं ती स्वतः काढून देणार, ज्याला जे पाहिजे ते. झालं. मागण्या सुरू झाल्या. जयाला कमळ पाहिजे होतं, सुखरामला रेल्वेचं इंजन, कोणाला हत्ती. सोमवारी धोंडबा आणि केवलराम ओळीत शिरले, तर बाया भांडी बाहेर मांडून दारात उभ्या. केवलरामला वाटलं, मारायलाच उभ्या आहेत. तो पंप टाकून पळायच्या बेतात होता.

त्या दसऱ्याला अख्खी ओळ बाहेरून अशी नटली की बाजूच्या कॅम्पातले लोक बघायला आले. शेवंताच्या दाराशेजारी मात्र सगळ्यांत जास्त गर्दी. तिथं पाय वर करून उताणा पडलेला एक डास होता, आणि त्याच्यापुढे नळी रोखून उभा असलेला, झुपकेदार मिशांचा माणूस. बायांनी पदर तोंडाला लावले. धोंडबा आला, त्यानं चित्र पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि कानापर्यंत लाल झाला.

गिरजाबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. त्या मोसमात तिला एकदाही ताप आला नव्हता. ती म्हणाली, "का बाप्पा धोंडबा, माह्या भिंतीवर तर येऊन बसला. घरात कवा येतं?"

"मी तर येतो, मावशी. मालकिणीले विचारा."

मालकीण आत पळाली होती. आतूनच तिचा आवाज आला, "पंप बाहेर ठेवून आला तर चालते!"

लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, पांढरी साडी, पांढरं धोतर, त्रिशरण-पंचशील आणि सगळ्या ओळीला भात-वरण, वर बुंदी. केवलराम नवरदेवाकडून नाचला.

पुढे धोंडबा नंदिनीच्या खाणीकडे, उतईच्या खेड्यांत जाऊ लागला, तेव्हा सुटीच्या दिवशी शेवंताही सोबत जायची. त्यानं लोकांना समजावेपर्यंत ती एखाद्या बाहेरच्या भिंतीवर हत्ती काढायला बसायची. बाया तिच्याभोवती जमायच्या आणि मग बोलणं सोपं व्हायचं. हिवतापाचे आजारी वर्षागणिक कमी होत गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणायच्या, आता पावसाळ्याच्या दिवसांतही खाटा रिकाम्या दिसतात.

स्वतःच्या घरी मात्र धोंडबाला शिस्तीत फवारावं लागे. शेवंता कडेवर लेक घेऊन दारात उभी राहायची आणि भिंत निरखायची.

"ते पाहा, फडताळाच्या मागं सुटलं," ती म्हणायची, "लोकाच्या घरी असंच करतं काय?"

आणि मोहिमेतला जुना, अनुभवी फवारणीवाला निमूटपणे बादली उचलून पुन्हा आत जायचा.