दोन कामांचा एक कॅमेरा

उस्मानपुऱ्यापासून वैजापूरपर्यंत लग्नाचं शूटिंग करावं तर रायभाननंच, असं सगळा मुलूख म्हणतो. सगळा मुलूख म्हणजे मी, आन् मी भाजीला नावं ठेवली नसतील त्या दिवशी माझी बायको कांता. खरं तर मला शूटिंग जमतं हे मला कडुबानं सांगितलं व्हतं, आन् आता सांगायला तो राहिला नाय. कडुबा माझा साडू, कांताची धाकटी बहीण मंदा हिचा नवरा. फोटो तो काढायचा, शूटिंग मी करायचो. तो गेला त्या दिवशी मात्र मी बायपासच्या एका लॉनवर व्हतो आन् तो तिकडं वैजापूरकडच्या एका खेड्यात. माझ्याकडं मंगलाष्टकं चालू झाली तवा खिशातला फोन थरथरायला लागला. दोन्ही हात कॅमेऱ्याला. थांबला, परत थरथरला... परत. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, मी खांबामागं जाऊन बघितलं तर कडुबाचं नाव. म्हणलं, गड्याचा कॅमेरा तापला असणार. उचलल्या उचलल्या म्हणलं, "काय पावणं, बसला का कॅमेरा रुसून?" तिकडून आवाज आला तो कडुबाचा नव्हता. "तुम्ही यांचे कोण?" मी म्हणलं, "साडू." तो माणूस म्हणला, "मग दुसरं कोणी जवळचं हाय का?"

आम्ही दोघं बी मेंढरामागची माणसं, देवगाव रंगारीकडची. मला तर चौथीत मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं, ते आत ये म्हणायचं विसरले आन् मी बी आठवण केली नाय. एका दुष्काळात बापानं मेंढरं विकली. त्याच्या आधी कडुबा शहरात येऊन उस्मानपुऱ्यात एका स्टुडिओत काम शिकला व्हता. त्यानं मला बोलावलं आन् पहिलं काम दिलं दिवा धरायचं. शूटिंगचा मोठा दिवा. मी तो असा धरला की नवरीऐवजी विहीणबाईच्या डोळ्यावर, ती बाई सगळ्या कॅसेटभर डोळ्याला पदर लावून. पुढं लोक म्हणायचे, पोरीच्या लग्नात आई किती रडली! कडुबा म्हणला, "पावणं, तुमच्या हातात गुण हाय. दिवा धरला कुठं, उजेड पडला कुठं." पुढं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, मला भागीदार घेतलं. तवर शहर बी फुगत गेलं. बायपासला जिथं आमची मेंढरं वाळल्या धसकटात तोंड घालायची तिथं लॉन झाली, आन् लॉनवर हिरवीगार प्लास्टिकची चटई. मेंढरू बी फसलं असतं, मी तर काय, पहिल्या दिवशी चप्पल काढूनच आत गेलो व्हतो.

कडुबाचा एक कायदा व्हता. मांडवात पाणी मागायचं नाय. म्हणायचा, "घरधन्यानं टँकरचं पाणी पावण्यांसाठी धरून ठेवलेलं असतं. आपण पावणे नाय, आपण कामाला आलोत." म्हणून पाण्याचा कॅन माझ्या खांद्याला. तो डोळा लावून उभा राहायचा, मी मागून बाटली तोंडाला लावायचो, जसं कोकराला दूध पाजावं तसं. नवरदेव वरातीत नाचत बसला की मुहूर्त जायचा टळून, आन् ऊन तर कुणाच्या मुहूर्ताला थांबत नाय. असंच एकदा, एका कोरड्या सालात, एका लग्नात टँकर वाटंत बंद पडला, आमचा कॅन बी संपला, आन् ऐन मंगलाष्टकात कडुबाचे गुडघे वाकले. तोंड पांढरंफट्टक. मी इकडं तिकडं बघितलं. नवरीच्या मागं करवली उभी, हातात पाण्यानं भरलेला करा. मी मागचा पुढचा विचार न करता तिच्या हातातला करा हिसकला आन् कडुबाच्या डोक्यावर पालथा केला.

मंगलाष्टकं थांबली. भटजींचं तोंड तसंच उघडं. नवरीची मावशी वरडली, "आरं, लगीन कुणाचं लावताव? नवरदेवाचं का या फोटोवाल्याचं?" मांडव हसला, कडुबानं डोळे उघडले, मी आपला हात जोडतोय. पण एक म्हातारी हसली नाय. कडुबाकडं बघून नुसती म्हणली, "ऊन माणसाचं तोंड एकदा बघून ठेवतं बाबा. परत येतं." मी तिची नक्कल करून गावभर हसवलं लोकांना. मंदाला सांगितलं तवा मात्र ती भाकरी थापायची थांबली. त्या दिवसापासून आमच्या गाडीला किक मारायच्या आधी ती दारात यायची आन् एवढंच म्हणायची, "जाताना दोघं, येताना दोघं." मी म्हणायचो, "येताना तिघं आलो तर?" ती हसायची नाय.

मग आले हे अलीकडचे दिवस. पाऊस नावाला. विहिरीचं पाणी आटायच्या आत लग्नं उरकायची सगळ्यांची घाई, म्हणून एकेका तिथीला आमच्या दारात दोन दोन वऱ्हाडं. एकाला हो म्हणायचं, दुसऱ्याला हात जोडायचे. आन् शहरातली नवी पोरं एकाच कॅमेऱ्यावर फोटो बी काढायची आन् शूटिंग बी. घरधनी आम्हाला तोंडावर म्हणायचे, "तुमची दोन दोन माणसं काहून लागत्यात हो?" एका दुपारी कडुबा म्हणला, "पावणं, दोन्ही कामाचा कॅमेरा घेऊ. एकसारखे दोन. तुम्हाला एक, मला एक. दोन लग्नं, दोन माणसं." मी म्हणलं, "मला फोटो कुठं येतो? मी मुंडकी कापतो लोकांची." म्हणला, "मुंडकं असतं तिथं कॅमेरा धरा, बाकी त्याला कळतं." मंदा भिताडाला टेकून ऐकत व्हती. ती म्हणली, "आन् अक्षता पडताना काय करणार? फोटो काढणार का शूटिंग?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. अंतरपाट खाली येतो तो एकच झटका असतो. तिथं दोघं व्हतो तवा प्रश्नच पडला नव्हता. कडुबा म्हणला, "शूटिंग चालू ठेवायचं, फोटो त्यातून बी काढता येतो." मंदा म्हणली, "मी कॅमेऱ्याचं नाय विचारलं."

गुलमंडीकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे चाचा, थंड काचेच्या खोलीत बसलेले. कडुबानं पिशवीतून मुंडावळ्या काढल्या आन् भर दुकानात माझ्या कपाळाला बांधल्या. त्याचं म्हणणं, नवे कॅमेरे आपोआप चेहरा धरतात म्हणतात, पण आपल्या नवरीचा चेहरा मुंडावळ्यांच्या मागं असतो, कॅमेरा मोत्याला धरतो का डोळ्याला, ते बघायचं. मी बसलो लाजून. एक कॅमेरा सारखा मोत्यालाच चिकटायचा, माझं तोंड धुक्यात. मला तर तोच आवडला. चाचा म्हणले, "दुल्हा थोडा पुराना है भाई, कॅमेरे का क्या कसूर?" दुसऱ्यानं डोळा बरोबर धरला. मग कार्डाच्या जागा बघितल्या. कडुबाला दोन पाहिजे व्हत्या, एकाच वेळी दोन्हीवर उतरलं पाहिजे. म्हणायचा, एक कार्ड मेलं तर लोकांना परत लगीन लावा म्हणायचं का? लेन्स एकच घ्यायची, पण अशी की जागचं न हलता नवरीची मेंदी बी दिसावी आन् लांब उभा सासरा बी. वजन हातात तोलून बघितलं. हे सगळं झाल्यावर त्यानं कॅमेरा चालू केला, बाहेर नेला आन् रस्त्यावर उभ्या स्कूटरच्या सीटवर, भर उन्हात ठेवून दिला.

चाचा चष्मा सांभाळत मागं पळाले. "अरे कडुबाभाई, कॅमेरा है ये, पापड नै! धूप में कायको सुखा रै?" कडुबा म्हणला, "चाचा, लगीन तुमच्या थंड खोलीत नाय लागत." आम्ही तिघं दुकानाच्या सावलीत उभं राहून त्या कॅमेऱ्याकडं बघत व्हतो, जसं दवाखान्यात खाटंवरच्या माणसाकडं बघावं. रस्ता भाजत व्हता. फोटो काढतो तवर त्याला काय होत नाय, पण शूटिंग सलग चालू राहिलं की आतून तापतो. थोड्या वेळानं पडद्यावर लाल थर्मामीटरचं चिन्ह आलं, मग सगळा काळा झाला. दुसरा लावला. तो जास्त टिकला, पण शेवटी त्यालाही ते लाल चिन्ह आलंच. चाचा घाम पुसत म्हणले, "भाई, इत्ती धूप में तो मैं भी बंद पडतूं." कडुबा हसला. म्हणला, "आपण नाय पडत चाचा. आपल्याला चिन्हच येत नाय." मी बी हसलो. मी तर कशालाही हसतो... पण घरी येताना गाडीवर मागं बसल्या बसल्या उगीच त्याच्या मानेवर हात ठेवून बघितला. तव्यासारखी.

घेतले आम्ही ते दुसऱ्या जातीचे दोन. कडुबानं त्याच्यासाठी तोड काढली. एक पंचा, एक छत्री. पंचा भिजवून कॅमेऱ्याच्या पाठीवर टाकायचा, बटणं तेवढी कोरडी ठेवायची, छत्री कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या तिकाटण्याला बांधायची. शिकवताना मला म्हणला, "पंचा वाळू द्यायचा नाय. अंतरपाटाच्या टायमाला बंद पडला तर जन्माची बोलणी." एकट्यानं निघायचा पहिला दिवस आला तो वैशाखातल्या दाट तिथीचा. वारा नव्हता, झाडाचं पान हलंना, गल्लीतली कुत्री नळाखालच्या कोरड्या फरशीवर पोट टेकून पडलेली. मंदा दारात आली. माझी गाडी एकीकडं, त्याची दुसरीकडं. तिनं तोंड उघडलं, आमच्या दोन गाड्यांकडं बघितलं, आन् काहीच म्हणली नाय. तिच्याकडं म्हणायला काय उरलंच नव्हतं.

पुढचं मी सांगत नाय. वैजापूरचा दवाखाना, तिथली खाट, डॉक्टर म्हणला ऊन लागलं, ताप डोक्यात गेला. दहावं झालं, तेरावं झालं. आता त्याला काही आठवडे उलटले. त्या खेड्यातल्या नवरीच्या बापाचा फोन येतो, बिचारा बोलतो बी हळू, "भाऊ, तुमचं दुःख कळतं, पण पोरगी विचारती, लग्नाची क्यासेट..." अजून क्यासेटच म्हणतो तो. कडुबाच्या कॅमेऱ्यातली कार्डं माझ्याकडंच हायेत. शूटिंग जोडायचं, त्यातला सगळा आवाज काढून टाकायचा आन् वर गाणी बसवायची, एवढंच काम. दर वेळी मीच करतो. लग्नाच्या शूटिंगमधला खरा आवाज कुणालाच नको असतो.

दुपारी दुकानात बसतो, शटर अर्धं खाली, आन् ते लावतो. आधी आम्ही दोघं असायचो तवा शूटिंगमध्ये माझाच खोकला असायचा. यात पहिल्यापासून शेवटपर्यंत कडुबा हाय. दिसत कुठंच नाय, पण प्रत्येक तुकडा त्याच्यापासनंच चालू होतो. "हां... तसंच ऱ्हावा." नवरीला तसंच ऱ्हावा, मामाला तसंच ऱ्हावा, रडणाऱ्या लेकराला बी तसंच ऱ्हावा. जसजसं ऊन चढतं तसतसे तुकडे बारीक होत जातात. बंद पडला, चालू केला. बंद पडला, चालू केला. "हां... तसंच ऱ्हावा" म्हणताना मधलं थांबणं लांबत जातं. शेवटचा तुकडा मात्र सलग हाय. आधी पाणी ओतल्याचा आवाज येतो, कडेला ओल्या पंच्याचं टोक दिसतं, त्यातून थेंब गळतात. एक बाई म्हणते, "दादा, आवो त्याच्यावर काय वतताय, तुम्ही प्या की." कडुबा म्हणतो, "पिलोय, पिलोय. तुम्ही पुढं व्हा, मुहूर्त झालाय." मग पाऊल वाजतं. "जरा टेकतो," एवढं ऐकू येतं. मग मंगलाष्टकं. अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, नवरी वर बघते. कॅमेरा डोळा बरोबर धरतो. एकदा बी बंद पडत नाय. मागं कुणीतरी "आरं, आरं" म्हणतं, ते वाजंत्रीत बुडून जातं.

हे मी किती वेळा बघितलं ते विचारू नका. आवाज काढायच्या बटणावर बोट ठेवतो आन् उचलतो. दोनदा तर गाणं बी निवडून झालं, चांगलं वाजंत्रीचं, आन् परत आपलं पहिल्यापासून लावलं. परवा असंच चाललं व्हतं, पंच्याचे थेंब गळत व्हते, माझं नाक बी गळत व्हतं, तवा शटरखालून वाकून मंदा आत आली. दुकानात ती कधी येत नाय. स्टूल ओढून बसली. सगळा तुकडा शेवटपर्यंत बघितला, डोळ्याला पदर लावला नाय. मी म्हणलं, "मंदा, याच्यावर गाणं कसं बसवू गं मी? माझं तर जगणंच..." आन् हुंदका काढला, चांगला मोठा, मला वाटलं ती बी रडंल, आमचं दोघांचं मोकळं होईल.

ती उठली, पदर खोचला, शटर हातानं वर सारलं. सगळं ऊन आत आलं.

"दाजी, नवरा माझा गेलाय, तुमचा नाय. गाणं बसवा आन् लोकांचं लगीन लोकांला देऊन टाका."