एक डोळा मिटायचा

जम्मूकडच्या सीमेवर आमची पोस्ट होती. मी शिपाई, हवालदार रशीद माझा सेक्शन कमांडर. दोघंही मंठा तालुक्यातले, म्हणून तो मला जरा जास्तच रगडायचा. रोज संध्याकाळी स्टँड-टूच्या, म्हणजे अंधार पडताना मोर्चावर सज्ज होण्याच्या आधी त्याचा एकच पाढा. शत्रूचा फ्लेअर, आभाळ उजळणारा गोळा, वर गेला की जमिनीला चिकटायचं, हलायचं नाही आणि एक डोळा मिटायचा. उजेड विझल्यावर त्या मिटलेल्या डोळ्यालाच अंधारात दिसतं.

एका संध्याकाळी १९:१० ला आम्ही गस्तीवरून परतत होतो. फ्लेअर गेला. मी मूर्खासारखा उभा राहून दोन्ही डोळ्यांनी वर बघत राहिलो.

"डाउन!"

मला खाली पाडायला रशीद उठला. मशीनगनचा बर्स्ट त्याला लागला. वायरलेस सेटवर मी बोललो, "वन कॅज्युअल्टी, ओव्हर." घरी आल्यावर त्याच्या अम्मीला एवढंच सांगितलं, की तो लढता लढता गेला. पुढचं तोंडातून निघालं नाही.

यंदा गावातल्या शाळेच्या मैदानात त्याच्या नावाचा दगड बसवला. कार्यक्रम १७:०० चा. पुढारी १८:४० ला उगवला. तोवर सत्तरी ओलांडलेली अम्मी प्लास्टिकच्या खुर्चीत ताटकळली. भाषणात त्याने रशीदचं नाव दोनदा चुकवलं.

१८:५२ ला आभाळ पेटलं. जाफराबादच्या अंगाला हिरवट-पांढरा गोळा सुटला, मैदानावर सावल्या पडल्या. मोठी उल्का होती, हे नंतर कळलं. त्या क्षणी मी अम्मीला खुर्चीवरून खाली ओढलं, तिच्या डोक्याखाली हात घातला आणि मातीत पडलो. चार सेकंदांत उजेड विझला.

मान वर केली तर दहा-बारा मोबाइल आमच्यावर रोखलेले. लोक दात काढत होते. म्हातारीला उठवायला एकही हात पुढे आला नाही. पुढारी माइकवर सांगत होता, की शहीद जवानाने वरून त्यालाच आशीर्वाद दिला. मला किळस आली. त्यांची तर आलीच. पण वीस वर्षं तोंड शिवून बसलेल्या माझी जास्त आली.

अम्मीला खुर्चीत बसवलं. तिचं कोपर खरचटलं होतं.

"बेटा, तू असा काहून पडला?"

मग मी सगळं सांगितलं. फ्लेअर, माझे उघडे डोळे, रशीद कशासाठी उठला ते. तिकडे माइकवर पुढाऱ्याचं भाषण चालूच होतं. ती बराच वेळ पदराची माती झटकत राहिली.

"आन् आत्ता? आत्ता मिटला व्हता का डोळा?"

"मिटला व्हता, अम्मी. डावा."

"मंग बराबर," ती म्हणाली. "माझ्या रशीदचं शिकवणं वाया न्हाई गेलं."

तिला धरून दगडापाशी नेलं. पुढाऱ्याच्या हारांनी नाव झाकलं होतं. मी हार काढून बाजूला ठेवले. हवालदार रशीद. सावधान झालो आणि सॅल्यूट केला.