उंबऱ्याच्या आतला रशियन

आमच्या वाईत आजवर नाना तऱ्हेचे पाहुणे येऊन गेले, पण माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी ‘आपल्यातला’ म्हणून पास केलेला पाहुणा एकच, आणि तो निघाला रशियन. कवी आणि कादंबरीकार. आमच्या साहित्य महोत्सवाला आला होता. लॉजमधल्या पलंगात मावेना म्हणून माझ्या घरी उतरला; पाय इथेही बाहेरच राहिले, पण घरात निदान खाली स्टूल लावता येत होतं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं असल्यामुळे आमचं झकास जमलं. चांगलं इंग्रजी बोलणारा कुणी आला की आम्ही दोघेही विषय बदलायचो.

तर ‘आपल्यातला’ कसा, ते सांगतो. महोत्सवाचे अध्यक्ष त्याच्या स्वागताला आले आणि दाराबाहेरूनच त्यांनी हात पुढे केला. या गृहस्थाने विस्तव दिसावा तसे दोन्ही हात पाठीमागे घेतले. अध्यक्षांचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याने त्यांना बाहीला धरून चपलांसकट आत ओढलं आणि मग खांदा निखळेल इतका वेळ हात हलवला. उंबऱ्यावरून हात दिला तर भांडण होतं, असं त्यांच्यात मानतात म्हणे. बायको मूळची मेढ्याकडची. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “बगा. उंबऱ्यावरनं देणं-घेणं करू न्हाई, मी सांगितलं की तुमी हसता. ह्यो एवढी बुकं लिवलेला मानूस, त्याला कळतंय.” तिथून पुढे त्या दोघांची युती झाली. घरात शीळ वाजवलेली त्यालाही खपत नसे, तिलाही नसे. जेवताना मीठ सांडलं तेव्हा दोघांचेही चेहरे एकदम पडले. त्याने चिमूटभर उचलून डाव्या खांद्यावरून मागे टाकलं, ते माझ्या चष्म्यावर आलं. शेवटी तिने मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली, तेव्हा हा एवढा थोरला माणूस डोळे मिटून पाटावर मुकाट बसला होता. देवावर त्याचा विश्वास नव्हता, मिठावर मात्र पूर्ण होता.

चहा तो कोरा प्यायचा, आणि एकेका घोटाबरोबर चमचाभर स्ट्रॉबेरीचा जाम खायचा. “दूध नासलंय असं लोकांस्नी वाटंल,” अशी कोऱ्या चहावर कुरकुर करत का होईना, बायकोने दुसऱ्या दिवशी बरणीच त्याच्यापुढे ठेवली. सकाळी तो कृष्णेच्या घाटावर जाऊन पाण्यात उभा राहायचा आणि खड्या आवाजात स्वतःच्या कविता म्हणायचा. एका गुरुजींना ते कसलंसं स्तोत्र वाटलं. त्यांनी त्याच्या हातावर पळीभर तीर्थ घातलं. त्याने ते पिऊन पुन्हा हात पुढे केला.

कविता तो फक्त रशियनमध्ये म्हणणार, हे त्याने आधीच सांगितलं होतं. “इंग्रजीत माझ्या कवितेला सर्दी होते,” तो म्हणायचा. पुण्याचा दुभाषी ऐनवेळी आला नाही, आणि मग आमच्या शेजारचे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार पुढे सरसावले. “आवं सर, रशियन रणगाड्यावर हयात गेली माझी. त्यावर सगळं रशियनच लिवल्यालं असतंय. काळजी करू नगा.” स्टेजवर कवीने डोळे मिटून एक लांबलचक कविता म्हटली. सुभेदारांनी माइक घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, “साहेब म्हनत्यात, घर मागं ऱ्हायलं. गाडी रिव्हर्स घेता येत न्हाई.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागाहून त्यांना कोपऱ्यात गाठलं, तर म्हणाले, “सर, एकच शब्द वळखला. नझाद. म्हंजे मागं, परत; गाडी मागं घ्या. त्यो परत परत आला, आन् त्यो आला की ह्यांचा आवाज कापायचा. मग काय राह्यलं वो समजायचं?” मी माफी मागायला कवीकडे गेलो आणि अनुवाद त्याला सांगितला. त्याने तो माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग म्हणाला, “यापेक्षा चांगला अनुवाद झालेला नाही.” एका कादंबरीपायी त्याला देश सोडावा लागला होता. परत गेला तर सरळ तुरुंग. म्हातारी आई तिकडे एकटी, आणि हा परक्या देशात भाड्याच्या खोलीत. हे सारं त्याने मला जाम खाता खाता सांगितलं.

निघायच्या सकाळी सुभेदारांची जीप दारात उभी राहिली. कवीने बॅग उचलली, बायकोला हात जोडले आणि मोठ्या कष्टाने पाठ केलेलं मराठी म्हटलं, “वहिनी, मी जातो.”

“जातो म्हनू न्हाई,” ती एकदम म्हणाली. “येतो म्हना.”

मी त्याला समजावलं, की आमच्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. त्याने विचारलं, “आणि येणं शक्य नसेल तर?” मी ते बायकोला सांगितलं.

“तरीबी येतोच म्हनायचं. येणं काय आपल्या हातात असतंय व्हय? म्हननं असतंय.”

तो बॅग ठेवून मटकन खाली बसला. प्रवासाआधी सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं, ही त्यांची रीत. मग आम्हीही बसलो. मी पायरीवर, बायको उंबऱ्याच्या आत, सुभेदार बॅगेवर. थोड्या वेळाने बसल्या बसल्याच त्याने आईला स्पीकरवर फोन लावला. मुलासारखा हळू आवाजात काय काय बोलला, आणि शेवटी स्वच्छ मराठीत म्हणाला, “येतो.” पलीकडून म्हातारीने काहीतरी विचारलं. त्याने समजावून सांगितलं. मग तिकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि नंतर दोन-चार शब्द. फोन बंद झाला.

“काय म्हनल्या आई?” बायकोने विचारलं. त्याला कुणी भाषांतर करून द्यायच्या आधीच तो दाढी पुसत जीपमध्ये जाऊन बसला.

सुभेदार मात्र जागचे हलले नाहीत. किल्ली हातात धरून म्हणाले, “नझाद म्हनल्या, वैनी. तेवढंच कळलं मला.”

जीप गेली. मागे वळून बघू नये असं त्यांच्यातही असावं. त्याने बघितलं नाही. बायको दारात उभी होती. मी म्हटलं, जामची बरणी आत ठेव, मुंग्या लागतील. तिने झाकण घट्ट लावलं आणि बरणी पुढच्याच फळीवर ठेवली, पाहुण्याच्या हाताला येईल अशी.